स्वरमेळाचे नगर : तंजावरचे सरफोजी राजे

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात वसलेल्या तंजावर नगरीत पाऊल ठेवणाऱ्या मराठी माणसाची दृष्टी प्रथम वेधून घेते ते बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर. राजराज चोळाने इ. स. १०१० च्या सुमारास पूर्ण केलेल्या या मंदिराच्या आवारात, प्राचीन तमिळ शिलालेखांच्या सान्निध्यात, एका भिंतीवर त्याला अकस्मात आपल्या मायबोलीची अक्षरे भेटतात. भोसले कुळाचा इतिहास सांगणारा हा प्रदीर्घ मराठी शिलालेख १८०३ साली कोरला गेला. तो कोरविणारे सरफोजी राजे तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या हातून राज्यकारभार जाऊन चार वर्षे लोटली होती.

राज्य गेलेल्या राजाने आपल्या आयुष्याचे काय करावे, या प्रश्नाला इतिहासात नानाविध उत्तरे मिळालेली आहेत. कोणी विलासात बुडाले, कोणी तनख्यासाठी अर्ज करीत झिजले, कोणी कटकारस्थानांत संपले. सरफोजी राजांनी दिलेले उत्तर मात्र निराळे होते. जे नगर आपल्याकडे उरले आहे, त्यातील साऱ्या भाषा, विद्या आणि सूर एकत्र नांदवावेत, हे त्यांनी आपले जीवितकार्य मानले. त्यांच्या चरित्राची थोरवी या निवडीत आहे आणि त्या चरित्रातील वेदनाही तिच्याशीच निगडित आहे.

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी राजे यांनी सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात तंजावर येथे भोसल्यांची गादी स्थापन केली. तमिळ भूमी, पूर्वीच्या नायक राजांनी रुजविलेली तेलुगू दरबारी परंपरा, पंडितांची संस्कृत आणि नव्या राज्यकर्त्यांची मराठी असा चार प्रवाहांचा संगम त्या काळापासून या नगरीत झाला. एकोजींचे पुत्र शहाजी राजे यांनी तर पाच भाषांतील पात्रे एकाच रंगमंचावर आणणारे नाटक रचले. पुढे तुळजाजी राजे पहिले यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहून दक्षिणेच्या संगीतशास्त्राला मोलाची भर घातली. तलवारीइतकीच वीणाही या घराण्याच्या हाती शोभली. फणसाच्या लाकडातून घडविलेली तंजावरची वीणा आजही या नगरीचे नाव देशोदेशी नेत आहे.

अशा परंपरेचा वारसा घेऊन येणाऱ्या सरफोजींचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी भोसले कुळाच्याच एका शाखेत झाला. तुळजाजी राजे दुसरे यांना वारस उरला नव्हता. त्यांनी १७८७ साली, मृत्यू समीप आला असता, या नऊ वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. दत्तकपुत्राच्या संरक्षणाची चिंता त्यांना लागून राहिली होती. ती जबाबदारी त्यांनी ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकावर सोपविली. श्वार्ट्झ १७५० साली तरंगंबाडी येथे आले होते, तमिळ उत्तम जाणत होते आणि त्यांच्या सचोटीवर सर्व पक्षांचा विश्वास होता.

तुळजाजी राजांच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंग यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तकविधान शास्त्रसंमत नाही असा निर्वाळा मिळवून कंपनी सरकारने अमरसिंगांना राजा म्हणून मान्यता दिली. बाल सरफोजींच्या वाट्याला बंदिवासासारखे जिणे आले. अंधाऱ्या खोलीत, शिक्षणाविना आणि मोकळ्या हवेविना या मुलाचे दिवस जाऊ लागले. श्वार्ट्झ यांनी मद्रासच्या अधिकाऱ्यांकडे वारंवार दाद मागितली. अखेर सरफोजी आणि तुळजाजींच्या राण्या यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलविण्यात आले.

मद्रासच्या वास्तव्यात त्यांच्यापुढे ज्ञानाचे एक नवे विश्व उघडले. श्वार्ट्झ आणि त्यांचे सहकारी गेरिक यांच्या देखरेखीखाली त्यांनी इंग्रजी भाषा, गणित, भूगोल आणि निसर्गविज्ञान यांचे पाठ घेतले. पाश्चात्य वाद्यांचा आणि स्वरलिपीचा परिचयही त्यांना झाला. ज्या मुलाला काही वर्षांपूर्वी पुस्तकाचे दर्शन दुर्लभ होते, त्या मुलाला ग्रंथांची अशी ओढ लागली की ती अखेरपर्यंत सुटली नाही. शिक्षणाचे मोल कोणाला कळते, तर ज्याला ते एकदा नाकारले गेले आहे त्याला, याचा प्रत्यय त्यांच्या पुढील आयुष्यात पदोपदी येतो. मिशनऱ्यांच्या छायेत वाढूनही त्यांनी आपला कुलधर्म सोडला नाही, आणि आपल्या गुरूविषयीची कृतज्ञताही सोडली नाही. श्वार्ट्झ फेब्रुवारी १७९८ मध्ये निवर्तले, तेव्हा सरफोजींनी इंग्लंडचे ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि त्यांचा हात हाती घेतलेला तरुण राजा हे दृश्य तंजावरच्या शिवगंगा उद्यानाजवळच्या चर्चमध्ये आजही पाहावयास मिळते.

दत्तकविधानाचा फेरविचार होऊन २९ जून १७९८ रोजी सरफोजी राजे गादीवर बसले. परंतु हा न्याय फुकट मिळालेला नव्हता. पुढील वर्षी दक्षिणेचे चित्र पालटले. मे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान रणांगणी धारातीर्थी पडला. १६ ऑक्टोबर रोजी पांचालंकुरिचीच्या वीरपांड्य कट्टबोम्मनला कंपनीने फासावर चढविले. त्यानंतर नवव्या दिवशी, म्हणजे २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, सरफोजी राजांनी कंपनीशी तह केला. त्यान्वये तंजावर राज्याचा सर्व कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा लगतचा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले.

या तहाबद्दल सरफोजी राजांना दोष देणारे होते आणि आहेत. पूर्वजांनी मिळविलेले राज्य लढाई न करता सोडले, हा आक्षेप हलका नाही. नेपोलियनवर मात केलेल्या इंग्रजांशी स्नेह दाखविण्यासाठी त्यांनी १८१४–१५ च्या सुमारास समुद्रकिनारी ‘मनोरा’ हा बुरूज उभारला, तोही अनेकांच्या मनाला खुपतो. चरित्रकाराने या गोष्टी झाकून ठेवू नयेत. मात्र त्या काळी प्रतिकाराची शक्ती तंजावरपाशी उरली नव्हती, हेही तितकेच खरे आहे. राजांच्या प्रत्येक हालचालीवर रेसिडेंटचे लक्ष असे. किल्ल्याच्या भिंतींच्या आत जे स्वातंत्र्य शिल्लक होते, त्याचा उपयोग त्यांनी कसा केला, यावरच त्यांचे मोजमाप करणे न्याय्य ठरेल.

संगीत हा त्या उपयोगाचा सर्वांत बोलका दाखला होय. सरफोजी राजांच्या काळचे तंजावर म्हणजे दक्षिणी संगीताच्या सुवर्णयुगाचे केंद्र. श्यामा शास्त्री याच नगरीत बंगारू कामाक्षीच्या सेवेत राहून रचना करीत होते. मुत्तुस्वामी दीक्षितांचे तिरुवारूर आणि त्यागराजांचे तिरुवैयारू जवळच होते. दीक्षितांचे शिष्य असलेले चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार बंधू राजदरबारी सेवेत होते. ‘तंजावर चतुष्टय’ म्हणून विख्यात झालेल्या या बंधूंनी नृत्याच्या पाठांना क्रम लावला. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा भरतनाट्यम्‌चा जो क्रम आज जगभर शिकविला जातो, तो त्यांनीच सिद्ध केला.

याच राजवाड्यात सरफोजी राजांनी पाश्चात्य वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला. स्थानिक वादक परकी वाद्ये हाताळू लागले आणि युरोपातील स्वरलिपीची पुस्तके राजवाड्यात दाखल झाली. दरबारातील मुत्सद्दी वराहप्पय्या हे व्हायोलिन आणि पियानो या दोन्ही वाद्यांत निपुण होते, असे परंपरा सांगते. त्या काळी व्हायोलिन दक्षिणी संगीतात नुकतेच प्रवेश करीत होते. मुत्तुस्वामी दीक्षितांचे बंधू बालुस्वामी यांनी ते आत्मसात केले आणि तंजावर चतुष्टयातील वडिवेलूंनी त्यात असे प्रावीण्य मिळविले की, त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ साली त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले. स्वतः दीक्षितांनी इंग्रजी बँडच्या चालींवर चाळीसच्या आसपास संस्कृत रचना बांधल्या. परक्या सुराला दार बंद न करता त्याला आपल्या घरची भाषा शिकवावी, ही त्या काळच्या कावेरीकाठची वृत्ती होती. सरफोजींच्या दरबाराने तिला राजाश्रय दिला.

सरफोजी राजांच्या नावावर असलेली मराठी नृत्यरचना ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही या वृत्तीचीच फलश्रुती आहे. तीत ‘निरूपण’ नावाचा एक प्रकार येतो. एक कथा घ्यावयाची, तिच्यासाठी एकच राग व एकच ताल निवडावयाचा आणि जयजय, शरणू, अलारू यांपासून मंगलापर्यंत अठरा निरनिराळ्या रचनांतून ती कथा उलगडावयाची, अशी त्याची बांधणी असते. शब्द मराठी, नृत्याची घडण तमिळ भूमीतील, आणि अनेक प्रकारांच्या नावांवर तेलुगू व संस्कृत परंपरेची मुद्रा. एवढे सारे एका रागाच्या सूत्रात ओवलेले असते.

पाश्चात्य संगीतात सिंफनी नावाचा जो भव्य वाद्यरचनाप्रकार आहे, त्याचेही मर्म असेच आहे. अनेक वाद्ये, अनेक भाग, परंतु साऱ्यांतून उभा राहणारा एकच भाव. काही संगीतकारांनी तर संपूर्ण शहराचे व्यक्तिमत्त्व सिंफनीतून उभे केले. इंग्रज संगीतकार राल्फ व्हॉन विल्यम्स यांची १९१४ साली प्रथम सादर झालेली लंडन सिंफनी प्रसिद्ध आहे. तीत वेस्टमिन्स्टरच्या घड्याळाचे टोले हार्पच्या तारांतून उमटतात, फेरीवाल्यांच्या आरोळ्यांचे पडसाद येतात आणि शेवटी सारा कोलाहल जणू थेम्स नदीच्या प्रवाहात विरून जातो. तंजावरसाठी अशी स्वरलिपी कोणी कागदावर उतरविली नाही. परंतु मंदिरातील नागस्वरम्, दरबारातील वीणा, नट्टुवनारांचे बोल, रामदासी मठातील मराठी भजन आणि राजवाड्यातील वाद्यवृंद हे सारे एका नगरात, एका राजाच्या कारकिर्दीत एकत्र नांदले. तंजावरची सिंफनी त्या नगराच्या दैनंदिन जीवनातच रचली गेली.

नगर आणि राजा यांचे गुणगान करणारी एक नाट्यकृतीही त्या काळी जन्मास आली. शिवक्कोळुंदु देशिकर या तमिळ कवीने रचलेली ‘शरभेंद्र भूपाल कुरवंजी’ ती हीच. शरभेंद्र हे सरफोजींचेच नाव. भविष्य सांगणारी कुरवंजी स्त्री हे पात्र मध्यवर्ती ठेवणारी ही नृत्यनाटिका बृहदीश्वराच्या मंदिरात सादर होत असे. सरफोजी राजांनी हाच तमिळ लोकप्रकार उचलला आणि मराठीत ‘देवेंद्र कुरवंजी’ रचली. तिच्यातील कुरवंजी मात्र नायिकेचे भविष्य सांगण्याऐवजी पृथ्वीवरील खंडांचा आणि देशांचा भूगोल गाऊन सांगते. ज्याला स्वतःच्या किल्ल्याबाहेर सत्ता नव्हती, त्या राजाने साऱ्या जगाचा नकाशा आपल्या प्रजेला मायबोलीत गाऊन दाखवावा, यातील अर्थ वेगळा सांगावयास नको.

या स्वरमेळात एक आवाज दरबाराबाहेर राहिला, हेही नमूद केले पाहिजे. तंजावरपासून जेमतेम तीन-साडेतीन कोसांवर तिरुवैयारू येथे भिक्षावृत्तीने राहणाऱ्या त्यागराजांनी राजदरबाराचे आमंत्रण नाकारले, अशी आख्यायिका दक्षिणेत घरोघरी सांगितली जाते. धनापेक्षा रामसेवेचे सुख त्यांनी श्रेष्ठ मानले. त्या नकारामुळे राजाचा रोष ओढवून कोणाचे गाणे बंद पडले नाही. त्यागराज १८४७ पर्यंत आपल्या घरी गात राहिले आणि त्यांच्या कीर्तनांनी तंजावरचे नाव अधिकच उजळले. ज्या राज्यात दरबाराबाहेर राहून गाता येते, तेथील संगीत केवळ राजाच्या मर्जीवर अवलंबून नसते.

विद्येच्या क्षेत्रात सरफोजी राजांनी जे केले, ते पाहून मन थक्क होते. १८०३ च्या सुमारास त्यांनी ‘नवविद्याकलानिधि’ शाळा स्थापन केली. तेथे देशी भाषांबरोबर इंग्रजीचे आणि जुन्या शास्त्रांबरोबर नव्या विद्यांचे अध्यापन होई. राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय उभे राहिले. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथून इसापनीतीच्या कथांचा ‘बाळबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद छापून निघाला. महाराष्ट्रात मराठी छपाईचा उदय होण्यापूर्वी कावेरीच्या तीरावर मुलांसाठी मराठी पुस्तक छापले गेले, ही मराठी भाषकांनी अभिमानाने स्मरणात ठेवावी अशी घटना आहे.

प्रवाशांच्या सोयीसाठी रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या राजांनी छत्रे, म्हणजे धर्मशाळा, बांधली होती. सरफोजी राजांच्या कारकिर्दीत ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले. या छत्रांतून पांथस्थांना अन्न मिळे, आजाऱ्यांना औषध मिळे आणि विद्यार्थ्यांना निवाऱ्यासह शिक्षण मिळे. ‘धन्वंतरी महाल’ या वैद्यकीय संस्थेत आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्य या चारही पद्धतींच्या उपचारांचा अभ्यास चाले. अनुभवाने गुणकारी ठरलेली औषधे तमिळ पद्यांत ग्रथित करून ठेवण्यात आली. नेत्ररोग्यांची सचित्र टिपणेही राजवाड्याच्या कागदपत्रांत आढळली आहेत. रोग्याचे चित्र काढावे, उपचाराची नोंद ठेवावी आणि मग निष्कर्ष काढावा, ही शिस्त दोनशे वर्षांपूर्वी तेथे पाळली जात होती.

परंतु सरफोजी राजांचे खरे स्मारक म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. नायक काळापासून चालत आलेला हा राजवाड्यातील ग्रंथसंग्रह त्यांनी अपार वाढविला. १८२० साली ते मोठ्या परिवारासह काशीयात्रेला निघाले. वाटेत आणि काशीत त्यांनी हस्तलिखिते मिळविली, पंडितांकडून नकला करवून घेतल्या आणि गंगेच्या घाटांची चित्रे काढविली. इतर राजे यात्रेहून गंगाजल आणीत, सरफोजी राजांनी त्याबरोबर ग्रंथही आणले. युरोपातून मागविलेल्या पुस्तकांची संख्या साडेचार हजारांच्या घरात जाते. त्यांत डॉ. जॉन्सनचा इंग्रजी शब्दकोश आहे, तसाच लाव्हाझिएचा रसायनशास्त्रावरील फ्रेंच ग्रंथही आहे. यांपैकी अनेक पुस्तकांवर राजांनी स्वहस्ते आपले नाव लिहिले आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखिते तेथे एकाच छताखाली आहेत. मोडी लिपीतील दफ्तरे त्या काळच्या व्यवहाराची साक्ष देत आहेत.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजी राजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजी राजे गादीवर आले. १८५५ साली त्यांचे औरस पुत्राविना निधन होताच कंपनीने तंजावरची गादी खालसा केली. किल्ल्यापुरते उरलेले राजेपणही संपले. तहात राखून ठेवलेले होन गेले, महसुलाचा हिस्सा गेला, रेसिडेंटही काळाच्या ओघात नाहीसा झाला. ग्रंथ मात्र राहिले. १९१८ साली सरस्वती महाल जनतेसाठी खुला झाला आणि एका राजाच्या जिज्ञासेने जमविलेले धन सर्वांचे झाले. तंजावर चतुष्टयाचा नृत्यक्रम राहिला, व्हायोलिन दक्षिणी मैफलीत कायमचे स्थिरावले. पुढे महाराष्ट्रातील कीर्तनकारांची निरूपणपद्धती तंजावरात रुजली आणि कृष्ण भागवतरांसारख्या कलावंतांनी तिला तमिळ हरिकथेचे रूप दिले. सरफोजी राजांनी तयार ठेवलेली भूमी त्यांच्या पश्चातही पीक देत राहिली.

तमिळनाडूत आजही तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आहेत. शाळेत तमिळ, व्यवहारात इंग्रजी आणि घरात पूर्वजांची मराठी अशा तीन भाषा त्यांची मुले सहज वागवितात. त्यांच्या मराठीत तमिळ शब्द मिसळले आहेत, उच्चार बदलले आहेत, तरीही महाराष्ट्रातून आलेला पाहुणा क्षणभर कान देताच ती ओळखू शकतो. मायबोली टिकते ती दुसऱ्या भाषांना दूर लोटून नव्हे, हे या कुटुंबांच्या साडेतीनशे वर्षांच्या वास्तव्याने सिद्ध केले आहे. घरात ती बोलली गेली, भजनात गायली गेली, आणि कोणे एके काळी एका राजाने तिच्यात मुलांसाठी पुस्तक छापले, म्हणून ती टिकली.

बृहदीश्वराच्या आवारात मराठी शिलालेख आहे, आणि जवळच मंदिरातील नागस्वरम् सुरू होते. चोळांचे मंदिर, भोसल्यांची अक्षरे आणि सर्वांच्या वर भरून राहिलेला तो सूर, या तिन्हींना सामावून घेणारे तंजावर सरफोजी राजांनी आपल्या नंतरच्या पिढ्यांसाठी मागे ठेवले.